अठ्ठावन्न अंशांच्या आसपास

नळी उद्यमनगरातून आली,
इलाही शिकलगारांनी फुंकलेली.
आजोबा पात्यांना पाणी द्यायचे, हे काचेला पोट देतात.
तोंड मिटवायला बसले तेव्हा म्हणाले,
"दोन पातळं एकात एक घालायची
आन् परत येगळी हुताना बगत बसायचं.
हेचा पगार मिळतोय व्हय म्याडम?"
मिळतो. कधी कधी सहा महिन्यांचा एकदम.

आत ब्युटानॉल आहे, आणि मीठ.
मीठ म्हटल्यावर त्यांनी नळी उजेडात धरली.
भट्टीशिवाय पातळ?
मी सांगितलं, यातला एक आयन फार आडदांड,
वर शेपूट सुटलेलं,
पंगतीत त्याला मांडी घालून बसताच येत नाही.
रांग जमत नाही म्हणून खडा होत नाही.
"आमच्या धाकट्यागत," म्हणाले,
आणि ज्योतीत टोक ओढून घेतलं.

साठ अंशांवर सगळा एकच द्रव.
नळीतून पलीकडचं साखर कारखान्याचं कॅलेंडर वाचता येतं,
संकष्टीच्या लाल टिंबासकट.
मग उतरायचं. अंशाचा शंभरावा भाग,
हलवायचं, थांबायचं, चहा प्यायचा,
पुन्हा शंभरावा भाग.
जुलैत हवा इतकी ओली
की भरताना पाण्याचा अंश जरी आत गेला
तरी बिंदू सरकतो
आणि महिन्याची वही रद्दीत.

सरांचं म्हणणं, घातांक अर्धा येईल.
विद्युतभार लांबून ओढतो,
प्रत्येकाची प्रत्येकावर नजर,
मग शेजाऱ्याला विचारायचं कशाला?
मला येत होता तिसरा हिस्सा, त्याहूनही जरा कमी.
पुन्हा केलं.
हजारात तीनशे सव्वीस.
पुन्हा.
साध्या, भार नसलेल्या मिश्रणांना येतो तोच आकडा.
एवढी वीज अंगावर वागवून
शेवटी हेही कानगोष्टीवरच चालतं,
याच्याकडून त्याच्याकडे,
आणि बिंदूजवळ ती कानगोष्ट लांबत लांबत
प्रकाशाच्या लाटेएवढी होते.
सरांनी फोनवर फक्त "हं" केलं.

एकेचाळिसाव्या रात्री वीज गेली.
पंप थांबला, तापमापकाचा आकडा विझला.
पाणी आपलं आपण निवू लागलं.
मी मोबाइलची बॅटरी धरली:
कॅलेंडर आधी पिवळट, मग विटकरी,
मग तारखा गेल्या.
बाजूने पाहिलं तर निळसर.
गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
धारोष्ण दुधाचा पेला विसळल्यावर
तळाशी उरतं ना, तसलं पाणी.
आत वस्त्या बसत होत्या, उठत होत्या,
वस्तीत गल्ल्या, गल्लीत घरं, घरात पुन्हा वस्त्या,
सगळ्या मापांच्या, एकाच वेळी.
कोण कुणाचं, ते अजून ठरायचं होतं.

श्वास रोखून बघत होते असं लिहायला बरं वाटलं असतं.
मी शिंकले.
उजेड हलला, परत नळीवर आणला
तर बरोबर मधोमध
केसाएवढी रेघ.
ही रेघ येताना कुणाला दिसत नाही,
ती आलेलीच असते.

दोनला वीज आली.
वहीत त्या रात्रीपुढे एवढंच:
"लाइट गेली. नोंद नाही."
निबंधात चाळीस बिंदू आहेत, एका वक्रावर,
नीट ओळीत.

पुढची नळी आणायला गेले तेव्हा शिकलगारांना सांगितलं.
"म्हंजे झाली येगळी."
झाली.
"आन् परत एक?"
होतात. दोन अंश चढवले की पुसते रेघ.
त्यांनी बर्नर बारीक केला,
माझ्याकडे न बघता थोडा वेळ काच फिरवत राहिले.
मग म्हणाले, गॅस वाढलाय,
या खेपेपासनं वीस रुपये जास्ती पडतील.